राणीच्या नातवाच्या माथी मारलेले पाच खून

1888 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात पाच बायकांचे खून झाले; खुनी कधीच सापडला नाही, त्याला जॅक द रिपर म्हणतात. ‘जॅक द रिपर म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा नातू प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर. राजघराण्यानं प्रकरण दाबलं,’ हा मजकूर पुन्हा जोरात फिरतोय. त्याला जोडून दुसरी कथाही येते: राजपुत्रानं ॲनी क्रूक या गरीब कॅथलिक मुलीशी चोरून लग्न केलं, त्यांना मुलगी झाली, गुपित ठाऊक असलेल्या बायका पैसे उकळू लागल्या, म्हणून राजवैद्य सर विल्यम गल यांनी त्यांना बग्गीत घालून मारलं. दोन्ही गोष्टी साफ खोट्या आहेत.

आधी राजपुत्राचं बघू. 30 सप्टेंबर 1888 च्या पहाटे व्हाइटचॅपल परिसरात तासाभरात दोन खून झाले. राजपुत्र तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता, लंडनपासून पाचशे मैलांवर. त्याच दिवशी तो आपल्याबरोबर जेवला, अशी नोंद राणीच्या रोजनिशीत आहे. 9 नोव्हेंबरला पाचवी बाई, मेरी जेन केली, मारली गेली, तेव्हा तो नॉरफोकमध्ये सँड्रिंगहॅमला होता. नंतर म्हणे त्याला वेडा ठरवून कोंडून ठेवलं! पण 1889 च्या नोव्हेंबरात तो मुंबईत उतरला आणि पुढे काही महिने हिंदुस्थानभर सरकारी दौरा करत होता.

लग्नाची कथा तर कायद्यापुढेच टिकत नाही. राजघराण्यातल्या लग्नांबाबतच्या 1772 च्या कायद्यानुसार राणीच्या संमतीवाचून त्यानं केलेलं लग्न मुळात रद्दच ठरलं असतं. जे लग्न कायद्यानं लग्नच नाही, ते लपवायला पाच मुडदे कशाला पाडायचे? शिवाय ॲनीची मुलगी एप्रिल 1885 मध्ये जन्मली. त्याआधी नऊ महिने मोजले, तर राजपुत्र जर्मनीत हायडेलबर्गला होता. आणि ही कथा ज्यानं पसरवली, त्या जोसेफ गॉर्मननंच खुनांचा भाग बनाव असल्याचं 1978 मध्ये एका वर्तमानपत्राला सांगितलं. कबुली कुणी पुढे पाठवत नाही, कथा मात्र पाठवतात.

गल यांचं वय तेव्हा 71, आणि आदल्याच वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती त्या बायकांना खंडणीखोर ठरवण्याची. 30 सप्टेंबरला मारल्या गेलेल्या दोघींपैकी कॅथरिन एडोजचंच घ्या. ती दारू पिऊन रस्त्यात पडली म्हणून पोलिसांनी तिला बिशप्सगेट चौकीत ठेवलं होतं. रात्री एकच्या सुमाराला सोडलं. दीड वाजता गस्तीवरचा शिपाई वॉटकिन्स मायटर स्क्वेअरमधून गेला, तेव्हा तिथे कुणी नव्हतं. 1:44 ला परतला, तर तिचं प्रेत पडलेलं. ती कधी सुटणार हे बग्गीवाल्यांना कोण सांगणार होतं? प्रेत तपासणाऱ्या डॉक्टरांनीही खून तिथेच झाल्याचं चौकशीत सांगितलं, म्हणजे बग्गीचा प्रश्नच मिटला.

सुटताना तिनं नाव ‘केली’ सांगितलं, म्हणून ती मेरी केलीच्या ऐवजी चुकून मारली गेली, असाही शोध लावतात. अहो, ती ज्याच्याबरोबर राहत होती त्याचं नाव जॉन केली होतं. आणि त्या पाचांपैकीच ॲनी चॅपमन? 8 सप्टेंबरच्या त्या रात्री ती आजारी होती, तिच्याकडे निवाऱ्यातल्या खाटेचे पैसे नव्हते, म्हणून तिला बाहेर काढलं. राजघराण्याकडून पैसे उकळणारी बाई खाटेच्या पैशांवाचून रस्त्यावर आली नसती.