आतड्याचं अभ्यंगस्नान

मराठी घरात पोट ही खासगी मालमत्ता नसते. सकाळी आठच्या आत कुणीही कुणालाही "झालं का?" एवढंच विचारतं आणि "काय झालं का?" असं उलट विचारायची वेळ कुणावर येत नाही. "साफ झालं" असं उत्तर आलं की विचारणारा समाधानानं पेपर उघडतो. "तितकंसं नाही" म्हणालात तर मात्र मेलात. आजीचं एरंडेल, वडिलांचं त्रिफळा चूर्ण, आईचं इसबगोल आणि शेजारच्या काकांचं गरम दुधातलं तूप असे चार पक्ष तुमच्यासमोर प्रचाराला उभे राहतात.

आमच्या लहानपणी सत्ता एरंडेलाची होती. शाळा बुडू नये म्हणून मुहूर्त रविवारचा. कोऱ्या चहात आल्याचा रस आणि वर हा तेलाचा जाडजूड थर. कप कसाही तिरका करा, ओठाला आधी तोच लागायचा. एरंडेलातून सुटणारं रिसिनोलिक आम्ल आतड्याच्या स्नायूंना हाकत सुटतं, हे फार पुढे वाचलं. तेव्हा एवढंच कळायचं, की वाड्यात संडास कमी आहेत आणि सगळ्या बिऱ्हाडांचा एरंडेलाचा रविवार एकच आहे.

पुढे लग्न झालं आणि मला साडू मिळाले. माणूस देवासारखा, पण निवृत्त झाल्यापासून त्यांना जगाला आतून धुवायचा ध्यास लागलाय. त्यांच्यामुळे मी एका योगशिबिरात शंखप्रक्षालनाला बसलो. कोमट खारट पाण्याचे पेले रिचवायचे, ताडासन करायचं, तिर्यक ताडासन करायचं, कटिचक्रासन करायचं, पुन्हा पाणी. असं करता करता शिबिरार्थी एकेक करून आसन अर्धवट टाकून पळू लागतात. ताडासनात हात वर असलेला माणूस तसाच, हात वर ठेवून धावताना मी पाहिलाय. शेवटी नुसतं स्वच्छ पाणी पडू लागलं की आराम, आणि मग मुगाची मऊ खिचडी, वर भरपूर तूप. ती खिचडी मात्र अशी लागते, की तिच्यासाठी माणूस पुन्हा जाईल. मी गेलो नाही.

त्यानंतर माझ्या वाढदिवसाला साडूंनी पाकीट दिलं. मला वाटलं नाटकाची तिकिटं. आत कोलन हायड्रोथेरपीचं कूपन होतं. "अहो, मशीनवर करतात. पंचतारांकित!" ते म्हणाले. बायकोच्या माहेरची भेट परत करायची नसते.

त्या केंद्रात गवती चहाचा वास होता, बासरी वाजत होती आणि बुद्धाचं फक्त डोकं ठेवलं होतं. समोरच्या भिंतीवर 1997 साली प्रसिद्ध झालेला तो ब्रिस्टलचा तक्ता: शौचाचे सात प्रकार, सचित्र. फॉर्मवर आपला क्रमांक लिहायचा. मी आणि शेजारी बसलेले एक गृहस्थ, दोघंही भिंतीकडे बघत होतो आणि एकमेकांचा फॉर्म दिसू नये म्हणून कोपर आडवं घालत होतो.

मग मागून उघडा असणारा झगा. माझ्या मुलीच्या वयाची थेरपिस्ट म्हणाली, "काका, डाव्या कुशीवर व्हा. रिलॅक्स." पुढचा क्षण मी गाळतो. एका नळीतून कोमट पाणी आत, दुसऱ्या नळीतून ऐवज बाहेर. एका बैठकीत साठ लिटरपर्यंत पाणी फिरू शकतं, हे तिनं उत्साहानं सांगितलं. आमच्या सोसायटीत टँकरवरून भांडणं होतात, ती मला आठवली. मोठं आतडं उणंपुरं दीड मीटरचं, त्याच्यावर एवढा खर्च!

बाहेर जाणारी नळी पारदर्शक असते. तेवढ्यावर भागत नाही, तिच्यामागे दिवाही असतो, म्हणजे पाहुण्याला स्वतःची मिरवणूक नीट दिसावी. "हे बघा काका," ती बोट दाखवत म्हणाली, "हे किती जुनं आहे! वर्षानुवर्षं भिंतीला चिकटलेलं टॉक्सिन."

मी चष्मा सरळ करून पाहिलं. उजेडात एक तपकिरी, अर्धपारदर्शक साल गिरकी घेत चाललं होतं. त्याच्यामागे दुसरं. मी मिसळीवर वाढलेला माणूस आहे. मटकीचं साल मला कुठेही ओळखू येतं.

"अगं, ही कालची मिसळ," मी म्हणालो.

"काका, टॉक्सिन कुठलंही रूप घेतं."

मारीचानंतर अशी सिद्धी कुणाला असल्याचं मी ऐकलं नव्हतं. एकदा धुऊन भागणार नाही, पूर्ण कोर्स करावा लागेल, असं तिनं निघताना सांगितलं.

आमचे फॅमिली डॉक्टर हे ऐकून इतके हसले की बाहेरचे पेशंट आत डोकावले. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, त्याला वर्षानुवर्षं काय चिकटणार, म्हणाले. घरी घ्यायच्या सफाईच्या पुड्या मिळतात, त्यानंतर पडणारी रबरासारखी लांब दोरीसुद्धा जुनी घाण नसते. पुडीतलं इसबगोल आणि बेंटोनाइट माती आत फुगून ती तयार होते. आपणच दोरी विकायची आणि आपणच साप म्हणून दाखवायचा! शिवाय मूत्रपिंड किंवा हृदय कमजोर असलेल्यांच्या क्षारांचा तोल अशा धुण्यानं बिघडतो आणि नळीनं आतड्याला भोक पडल्याचीही उदाहरणं आहेत, हे सांगताना मात्र ते हसत नव्हते.

आतड्यातलं विष रक्तात भिनतं, ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी गोऱ्या साहेबालाही चढली होती. लंडनचे नामवंत सर्जन आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठ झालेल्यांचं मोठं आतडंच कापून टाकत. घरात झुरळं झाली म्हणून स्वयंपाकघर पाडण्यातला प्रकार. अमेरिकेत बॅटल क्रीकला डॉ. केलॉग, ते कॉर्नफ्लेक्सवाले, एनिमा देत आणि दही दोन्ही दरवाज्यांनी पोचवत. मग 1922 साली कुणीतरी धडधाकट माणसांच्या गुदाशयात नुसता कापूस ठासून पाहिला. तीच डोकेदुखी, तीच मरगळ. कापूस काढला, तक्रार गेली. विषबिष काही नाही, नुसतं कोंबल्याचं दुःख. तो कापूस भरून घ्यायला तयार झालेली माणसं कोण असतील, याचा मी पुष्कळ विचार करतो. त्यांनाही साडू असणार.

सासूबाईंना मशीनचं कौतुक नाहीच. त्या उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात जाऊन आलेल्या, जो गांधीजींनी 1946 साली सुरू केला. "भांडं उंच टांगायचं, नळी लावायची, झालं. गांधीजींना पुरलं ते. दिवे कशाला लागतात हो, जावईबापू?" या प्रश्नाला उत्तर नाही.

खरी सफाई पुढेच होती. हिमोग्लोबिन उतरलं आणि डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, सांगितली. आदल्या दिवशी पालेभाजी नाही, सालं नाहीत, बिया नाहीत आणि संध्याकाळपासून पावडर कालवलेलं दोन लिटर पाणी. ही पावडर अंगात मुरत नाही. पाणी धरून ठेवते आणि वाटेतलं सगळं बरोबर घेऊन बाहेर पडते. लिंबाची चव म्हणून जे छापलंय, ते लिंबाला दाखवलं तर तो अब्रुनुकसानीचा दावा करेल. दर दहा मिनिटांनी एक पेला. तिसऱ्याला मला वाटलं, आपल्याला काही होत नाही. चौथा हातातच राहिला.

तळ दिसेल असं पिवळसर पाणी पडलं म्हणजे तयारी पुरी. देखरेखीला बायको, दाराबाहेर.

"आता कसा रंग?"

"चहासारखा."

"दुधाच्या की कोऱ्या?"

"...दुधाच्या."

"मग प्या अजून."

रात्री बाराच्या सुमारास मी आतून "सरबत!" असं ओरडलो, आणि तिनं दिवा मालवला.

तपासणीत काही सापडलं नाही. पण आतडं किती स्वच्छ होतं, याला मार्क असतात, हे मला तिथेच कळलं. बोस्टनची पद्धत: उजवा भाग, मधला, डावा, प्रत्येकी तीनपैकी. "नऊपैकी नऊ! अशी तयारी फार थोडे करतात," डॉक्टर म्हणाले. बोर्डाच्या परीक्षेतसुद्धा मला पैकीच्या पैकी कशात मिळाले नव्हते. भुलीतून पुरता बाहेर यायच्या आत बायकोनं ही बातमी माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होती.

सगळ्यांचे अंगठे आले, साडूंचा सोडून. संध्याकाळी त्यांचा फोन आला. तब्येतीची चौकशी झाली, हवापाणी झालं, मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "पावडर कुठली घेतलीत हो?"

बायकोनं लगेच बहिणीला गाठलं. साडूंनी गेल्या वर्षी गुपचूप कोलोनोस्कोपी करून घेतली होती. सहा पडले होते. काठावर पास.