खिशातलं पिस्तूल आणि कमरेचं पिस्तूल

डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि जिल्ह्यातल्या हजारावर शस्त्रपरवान्यांचा विषय निघाला. कमरेला पिस्तूल खोचून काढलेले फोटो, हवेत गोळ्या झाडल्याचे व्हिडिओ, मग काही परवाने रद्द. या वादात दोन्ही बाजू अमेरिकेचं नाव घेतात. एक म्हणते, परवाने खिरापतीसारखे वाटले की आपली अमेरिका होईल. दुसरी म्हणते, पोलीस येईपर्यंत माणूस संपलेला असतो. टेक्सासमध्ये बघा, ज्याचा घोडा त्याच्या खिशात. टेक्सासमधून पाहिलं तर दोघंही दुकानाच्या दारापाशीच थांबलेले दिसतात. कमरेचं पिस्तूल लोकांना दिसावं म्हणून असतं. खिशातलं कोणालाच दिसू नये म्हणून. बाळगण्याची खरी कटकट तिथून सुरू होते.

खरेदीत फारसं काही नाही. परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला वय २१ लागतं, ओळखपत्र लागतं, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा. दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडे नाव तपासतो, बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये ते खिशात ठेवायला वेगळा परवाना लागत नाही.

पण अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी पुष्कळांना हे लागूच होत नाही. एच-१बी (नोकरीचा), एच-४ (त्याच्या जोडीदाराचा), एफ-१ (विद्यार्थ्याचा) अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाला केंद्रीय कायद्यानं बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. अपवाद मोजके, त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे चालू शिकारी परवाना. राज्याचा कायदा कितीही सैल असो, हा वरचढ. ग्रीनकार्ड आलं की अडचण सरते. नवऱ्याकडे ग्रीनकार्ड आणि बायको अजून तिच्या एच-१बी वर असेल तर पिस्तुलाच्या पेटीची किल्ली तिच्याकडे नको. आणि "मित्रासाठी माझ्या नावावर घेतो" हा उपकार तर अजिबात नको. तो सरळ तुरुंगात नेतो.

आता वस्तू. खिशातल्या पिस्तुलाचा नमुना म्हणजे २००८ मध्ये आलेलं रुगर एलसीपी: .३८० मापाची काडतुसं, मॅगझिनमध्ये (दांड्यात बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत) ६ आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथून गोळी सुटते) १, नळी पावणेतीन इंच, रिकाम्याचं वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आतबाहेर. कानपूरच्या आयुध कारखान्यानं २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून काढलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर त्या मानानं जड, ५०० ग्रॅमच्या घरातलं. हलकं म्हणजे सोपं, असं वाटतं. उलटं आहे. वजन कमी म्हणून धक्का सगळा तळहातात बसतो, दांड्यावर करंगळीला जागा नसते, आणि नेम धरायचे दोन टोकाचे काटे इतके जवळ की तिथली केसभर चूक सात यार्डांवर कितीतरी मोठी होते. मनगट सैल राहिलं तर स्लाइड (गोळी सुटली की मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पूर्ण मागे जात नाही, काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खाचेतच उभी अडकते. मग मॅगझिनला खालून थाप मारायची, स्लाइड जोरात मागे ओढून सोडायची. मूळ एलसीपीची स्लाइड शेवटच्या गोळीनंतर उघडी राहत नाही, त्यामुळे संपल्याचं कळतं ते चाप ओढून नुसता 'टक' आवाज आला की.

खिशात ते नुसतं टाकायचं नाही. चापाभोवतीची कडी पूर्ण झाकणारं खिशाचं म्यान लागतं. बाहेरून खरखरीत, म्हणजे उपसताना पिस्तूल हातात येतं आणि म्यान खिशात राहतं. त्या खिशात दुसरं काही नाही. किल्ल्या नाहीत, पेन नाही, सुट्टे पैसे नाहीत. मूठ आवळून बाहेर काढायला गेलं तर हात खिशाच्या तोंडाशी अडकतो (बरणीत हात घातलेल्या माकडासारखा), म्हणून अंगठा स्लाइडच्या मागे टेकवून हात निमुळता ठेवायचा. गाडीत पट्टा बांधून बसलं की खिशापर्यंत हात पोचतच नाही. आठवड्यात नळीच्या तोंडाशी आणि मॅगझिनच्या वर कापसाची लव साचते, उन्हाळ्यात घामानं गंजाचे ठिपके येतात. रोज चेंबर रिकामं करून तेच काडतूस परत भरत राहिलं तर गोळी पुंगळीत आत दबते आणि दाब वाढतो, म्हणून वरचं काडतूस अधूनमधून बदलायचं.

आणि मग विसरणं. रोज जवळ असलेली पाव किलोची वस्तू अंगवळणी पडते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांच्या तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या सुमारे ९३ टक्के भरलेल्या. शाळेत ती न्यायची नाही, टपाल कार्यालयात नाही, ५१ टक्क्यांची पाटी असलेल्या, म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूवर असलेल्या बारमध्ये नाही. घरी आल्यावर झटकन उघडणारी कुलपाची पेटी हवी. कोचावर टाकलेल्या पर्समध्ये पाहुण्यांचं पोर हात घालतंच. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू दिली तर तो गुन्हा आहे. मुलं नसलेल्या घरातही पेटी हवीच: अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात.

माझं मत विचाराल तर भारतातला परवाना कडकच बरा. फक्त कडकपणा चुकीच्या जागी आहे. तिथे सगळी घासाघीस जिवाला धोका आहे की नाही यावर, आणि ते ठरवताना वजन कोणाच्या चिठ्ठीचं पडतं हे सांगायला नको. २०१६ च्या नियमांत प्रशिक्षण आहे, पण काडतुसांवर वार्षिक मर्यादा. इथे एका दुपारी संपतात तेवढ्यांत तिथे वर्ष काढायचं. मग सराव कशावर करणार? टेक्सासच्या ऐच्छिक परवान्याला अजूनही ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्यांची परीक्षा द्यावी लागते. ती सक्तीची होती तेव्हाच ठीक होतं. भारतात २०१९ पासून परवाना पाच वर्षांचा झालाय. दर नूतनीकरणाला नेमबाजीच्या रेंजवर अशी परीक्षा ठेवली आणि काडतुसं रेंजवरच दिली, तर फोटोपुरतं पिस्तूल हवं असणारे निम्मे आपोआप गळतील.

सुट्टीत घरी जाणाऱ्यांसाठी एक. रेंजवर नेलेली पिशवी भारतात नेऊ नका. तिच्या शिवणीत करंगळीच्या पेराएवढं एक काडतूस अडकून राहतं आणि मुंबईच्या तपासणीत निघतं. मग शस्त्र कायद्याखाली गुन्हा. जाणूनबुजून बाळगलं नव्हतं हे पटल्यावर उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केल्याची उदाहरणं आहेत, पण तोवर परतीचं विमान गेलेलं असतं.