‘काही आढळलं नाही’ म्हणजे विषय संपला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले असते तर नको ते शब्द गेले असते, म्हणून दोन दिवस थांबले. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पेयात मिसळलेली गुंगीची औषधं प्रयोगशाळेत कशी शोधतात, यावर मी लेख लिहिला होता. तुमचं म्हणणं असं की त्यातला एक आकडा चुकीचा आहे, लेख फार लांबलाय, रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळत असताना एवढं शास्त्र सांगायचं कारण नव्हतं आणि ‘बायकांना घाबरवायचा हा हल्ली धंदाच झालाय’. शेवटी हे वाक्य: ‘लॅबने काही आढळलं नाही असं लिहिलं की विषय संपला. मग ती बाई एक तर खोटं बोलते नाहीतर तिला जास्त झालेली असते. माझ्या ओळखीतल्या एकीचा रिपोर्ट असाच कोरा आला.’

आधी चूक मान्य करते. जीएचबी हे गुंगी आणणारं रसायन लघवीत २४ तासांपर्यंत सापडतं असं मी लिहिलं होतं. ते बरोबर नाही, साधारण १० ते १२ तास हीच त्याची मर्यादा. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. पण ती दाखवताना ‘एवढंही माहीत नसेल तर लेखणी खाली ठेवा’ हे कशासाठी? चूक दाखवणारा वाचक मला हवाच असतो. चारचौघांत पाणउतारा करणारा नको. आणि मर्यादा २४ वरून १२ तासांवर आली की तुमचं शेवटचं वाक्य आणखी लंगडं पडतं, हे आकडा शोधून काढणाऱ्या माणसाच्या लक्षात येऊ नये?

‘धंदा’ या शब्दाने मात्र मला खरंच लागलं. विषशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी १४ वर्षं काढली आहेत. या लेखनाचा एक पैसा मला कधी मिळालेला नाही. ज्यांच्या बाटल्या माझ्या हातून गेल्या त्यांतल्या बहुतेकांचे चेहरेही मी पाहिले नाहीत, पण त्यांचे अर्ज पाहिले, अक्षर पाहिलं. त्यामुळे ‘घाबरवणं’ आणि ‘सांगणं’ यांतला फरक मला कुणी शिकवायची गरज नाही.

पट्ट्यांचं दोन ओळींत सांगते. त्या ठराविक एक-दोन औषधांसाठीच असतात आणि गडद रंगाच्या किंवा आंबट पेयात त्यांचा रंग वाचणं कठीण जातं. पट्टीचा रंग बदलला नाही म्हणून पेय निर्धोक, असं कुणी समजू नये. लेखाच्या लांबीबद्दल मला काही म्हणायचं नाही.

आता ते वाक्य.

जीएचबी रक्तात ३० ते ५० मिनिटांत निम्म्यावर येतं. रात्री अकराला कुणाच्या ग्लासात ते पडलं, ती व्यक्ती सकाळी नऊला जागी झाली, काय झालं ते आठवण्यात आणि कुणाला सांगावं या विचारात चार-पाच तास गेले, दुपारी दोनला लघवीचा नमुना दिला. १५ तास झाले. मी दुरुस्त केलेल्या मर्यादेच्या बाहेर. शिवाय हा पदार्थ आपलं शरीर स्वतःही थोडा तयार करतं, म्हणून लघवीत लिटरला १० मिलिग्रॅमच्या खाली सापडलं तर तो बाहेरून आला असं सहसा म्हणत नाहीत. तसं म्हणणं शास्त्राला धरून आहे. पण त्याचा अर्थ ‘दिलं नव्हतं’ असा होत नाही. त्याचा अर्थ ‘आता सांगता येत नाही’ एवढाच.

दुसरी गोष्ट, यंत्र विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देतं. प्राथमिक चाचणीचं किट बेंझोडायझेपिन या झोप आणणाऱ्या, चिंता कमी करणाऱ्या गटाची औषधं प्रतिपिंडांच्या मदतीने पकडतं. त्या किटला झोल्पिडेम ही झोपेची गोळी दिसत नाही, केटामाइन हे भुलीचं औषध दिसत नाही, जीएचबी तर नाहीच. लोराझेपाम त्याच गटातलं, पण शरीर त्याला साखरेसारखा एक रेणू (ग्लुकुरोनाइड) जोडून लघवीवाटे बाहेर टाकतं. आधी एन्झाइमने ती जोड तोडली नाही तर किटच्या हातून ते सहज निसटतं. फ्लुनिट्राझेपाम हेही त्याच गटातलं, त्याचा डोस एक-दोन मिलिग्रॅमचा. त्याचा शरीरात होणारा ७-अमिनो अवशेष काही दिवसांत मिलिलिटरमागे काही नॅनोग्रॅमवर येतो आणि किटची रेषा बरेचदा २०० किंवा ३०० नॅनोग्रॅमवर आखलेली असते. त्या रेषेखालचं सगळं रिपोर्टात ‘निगेटिव्ह’ होतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत निळ्या झाकणाची एक बाटली माझ्या टेबलावर आली होती. तळाला जेमतेम दोन बोटं लघवी. सोबतच्या अर्जात घटनेची वेळ लिहायच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. मी किटवर तपासलं, निगेटिव्ह आलं, ‘आढळले नाही’ लिहून खाली सही केली. तेव्हा तिथे तेवढंच करायची पद्धत होती. काही आठवड्यांनी तोच नमुना मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, पुन्हा लागला. मूळ झोल्पिडेमच्या जागी, म्हणजे ३०८ वरून २३५ वर (रेणूचं आणि त्याच्या तुकड्याचं वजन), जवळजवळ सपाट रेघ. कारण ते औषध अडीच-तीन तासांत निम्मं होतं. पण त्याचा कार्बोक्झिलिक आम्ल अवशेष ३३८ वरून २६५ वर सुळक्यासारखा उभा होता. मधल्या काळात माझ्या सहीचा कागद, ज्या बाईचा तो नमुना होता तिच्याविरुद्ध, वापरला गेला होता. ‘खोटं बोलते’ हेच शब्द तिलाही ऐकावे लागले होते. तुम्ही उचलली जीभ लावली टाळ्याला. मी त्या कागदाखाली सही केलेली आहे.

‘जास्त झालेली असते’ याबद्दलही बोलू. अशा तपासांत सर्वांत जास्त वेळा सापडतो तो अल्कोहोलच, हे अगदी खरं. पण अल्कोहोल सापडलं म्हणून औषध नव्हतं असं होत नाही. दोन्ही मेंदूला एकाच दिशेने ढकलतात, म्हणून तर थोडंसं औषधही पुरतं. आणि सांगितल्यापेक्षा जास्त दारू गुपचूप ओतणं हेसुद्धा मिसळणंच आहे.

खरा पुरावा ग्लासात असतो. २०० मिलिलिटर पेयात दोन मिलिग्रॅम औषध पडलं तर दर मिलिलिटरमागे १० मायक्रोग्रॅम होतात. रक्तात तेच प्रमाण शेकडो पटींनी खाली येतं. तळाला चिकटलेले चार थेंब मिथेनॉलने खंगाळून घेतले तरी बरंच काही हाती लागतं. अर्थात तिथेही नेमकं माहीत असावं लागतं. आंबट पेयात जीएचबीचा बराच भाग हळूहळू जीबीएल या त्याच्याच जवळच्या रसायनात बदलतो, म्हणून दोन्ही शोधावी लागतात. पण कुणी तक्रार करेपर्यंत ग्लास केव्हाच धुतलेला असतो. तो धुतला गेला हा त्या बाईचा दोष आहे का?

केसांविषयी मी लेखात लिहिलं होतं, ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून साधारण चार आठवडे थांबून मुळापासून नमुना घेतात आणि त्याचे तुकडे करून कोणत्या महिन्यात काय आलं ते बघतात. लघवीचा नमुनासुद्धा १२० तासांपर्यंत घ्यावा असं या क्षेत्रातली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. फ्रान्समध्ये जिझेल पेलिको यांना त्यांचा नवरा वर्षानुवर्षं लोराझेपाम देत होता. विस्मरणाच्या तक्रारी घेऊन त्या डॉक्टरांकडे जात होत्या, पण गुंगीचं औषध शोधायचं कुणाच्या मनातच आलं नाही. गुंगीत असताना त्यांच्यावर झालेल्या बलात्कारांसाठी १९ डिसेंबर २०२४ रोजी त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. तुमच्या नियमाने गेलं असतं तर त्यांचाही विषय पहिल्याच कोऱ्या रिपोर्टला संपला असता.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, आहे तशी राहील. तुमच्या ओळखीतल्या त्या बाईंचा रिपोर्ट मिळवता आला तर, आणि त्यांची हरकत नसेल तरच, पुन्हा एकदा उघडा. घटनेनंतर किती तासांनी नमुना घेतला ते त्यावर लिहिलंय का? नेमकी कोणती औषधं शोधली त्यांची यादी आहे का? नुसत्या किटवर भागवलं की पुढे मास स्पेक्ट्रोमीटरवरही लावलं? रिपोर्ट इथे टाकू नका, त्यांचं नाव तर अजिबात नको. वेळेच्या रकान्यात आकडा आहे की रेघ, तेवढं मला कळवा.