एप्रिलची प्रिंट

काल, 19 जुलै 2024 ला, मुंबई हायकोर्टाचा आरटीईवरचा (शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळांत दिलेल्या मोफत जागांवरचा) निकाल आला: त्या जागा काढून घेणारा राज्य सरकारचा नियम रद्द. तेव्हापासून फोनवर दोनच प्रकारचे मेसेज येतायत. एक आपल्या चळवळीतल्या मंडळींचे, पेढ्यांच्या फोटोसकट. दुसरा सोसायटीतल्या पालकांच्या ग्रुपवरचा, आणि त्यानंच डोकं सटकलं: "म्हणजे आता परत आपल्या फीमध्ये यांची पोरं शिकणार." यांची म्हणजे कोणाची ते लिहिलेलं नाही. लिहावं लागतच नाही. खाली अकरा अंगठे.

त्या अकरांपैकी निम्म्यांचे तरी शर्ट गेटबाहेरच्या टपरीत इस्त्रीला जातात. तो इस्त्रीवाला दादा आज दुपारी येणाऱ्या-जाणाऱ्याला एक प्रिंट दाखवत होता. चादरींच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवलेली, तिच्यावर एक सुरकुती नाही. अर्ज क्रमांकाखाली निळ्या पेनानं दोन रेघा मारलेल्या. "कोर्टानं सांगितलं म्हणत्यात. आता यादी लागंल ना?"

प्रिंटवर तारीख एप्रिलची. म्हणजे खेळ मे महिन्यातच संपला होता, फक्त त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ज्यांना हा फॉर्म कधी भरावा लागला नाही (इथले बहुतेक सगळेच), त्यांच्यासाठी थोडं मागे जायला हवं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम 12(1)(सी) म्हणतं की विनाअनुदानित खाजगी शाळेनं पहिलीच्या, किंवा शाळा जिथून सुरू होते त्या वर्गाच्या, किमान 25 टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत मोफत शिकवायचं. सुप्रीम कोर्टानं 2012 मध्ये हे कलम वैध ठरवलं. अल्पसंख्याक शाळा तेवढ्या बाहेर राहिल्या. विषय तिथं मिटायला हवा होता.

यंदा 9 फेब्रुवारीला आपल्या राज्य सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खाजगी शाळेला 25 टक्क्यांतून सूट. शहरात राहणाऱ्यानं डोळ्यांसमोर नकाशा आणावा. पुण्यात, ठाण्यात, नागपुरात अशी किती खाजगी शाळा सापडेल जिच्या किलोमीटरभरात महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही? कायद्याला हात न लावता कायदा रिकामा करायची ही युक्ती. कर्नाटकानं आधी करून दाखवली होती, आपण कॉपी मारली.

मग एप्रिलमध्ये प्रवेशअर्जांचं पोर्टल उघडलं. नेहमी नऊ हजारांच्या आसपास खाजगी शाळा आणि लाखभर जागा असतात. यंदा आकडा फुगून पाऊण लाख शाळा आणि नऊ लाखांच्या घरात जागा! कारण जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळाही त्याच यादीत घातल्या. आधी अनुदानित, मग सरकारी, आणि या दोन्ही नसतीलच तर खाजगी, असा क्रम.

आता मला सांगा, ज्या शाळेत कुठलंही मूल वर्षात कधीही जाऊन नाव घालू शकतं, फी नाही, परीक्षा नाही, त्या शाळेसाठी ऑनलाइन अर्ज आणि लॉटरी कशाला? बागेतल्या बाकावर बसायला तिकीट काढायला लावण्यातला प्रकार. पालक मूर्ख नव्हते. दरवर्षी लाखांनी येणारे अर्ज यंदा साठ-सत्तर हजारांवर अडकले. त्या थोड्यांमध्ये आपला दादा होता. "भरून ठेवा, नंतर बघू" असं ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रावरच्या पोरानं सांगितलं, म्हणून.

हा फॉर्म भरणं काय असतं तेही ऐका. जातीच्या दाखल्यासाठी दादा लातूरकडच्या गावी दोनदा जाऊन आला, कारण पहिल्या खेपेला प्रांत ऑफिसला सही करणारे साहेब निवडणुकीच्या ड्युटीवर. वंचित गटाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. खुल्या गटातल्याला लागतो, आणि तो एक लाखाच्या आतला. पुण्यात दोघं नवराबायको राबत असतील तर खरं उत्पन्न लाखाच्या आत कसं बसेल हे त्या आकड्याला कुणी विचारत नाही. पत्त्याचा पुरावा नसेल तर भाडेकरार चालतो, पण दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर वकिलानं टाइप करून दिलेला नोटरीचा कागद पडताळणीत उडतो. आणि कराराची तारीख फॉर्मच्या आधीची हवी. नंतरची असली की लागलेला नंबरही जातो. घरमालकाला करार नोंदवायचाच नसतो ही आणखी एक रड.

मग तो नकाशावरचा लाल फुगा. फॉर्म भरताना घर जिथं आहे तिथं फुगा टेकवायचा. त्यावरून शाळेचं अंतर मोजतात, किलोमीटरच्या आतल्यांना आधी प्राधान्य, मग एक ते तीनवाल्यांना. केंद्रावर गर्दी असते, पोरगा घाईत फुगा चौकातल्या मंदिरावर ठेवून देतो, आणि घरापासून आठशे मीटरवर असलेली शाळा कागदावर सव्वा किलोमीटर होते. घरच्या पत्त्याशी फुगा जुळला नाही तर पडताळणी समिती अर्ज बाद करू शकते. एका मुलाचे दोन अर्ज सापडले तर दोन्ही बाद. यातलं काहीही फॉर्म भरून देणारा सांगत नाही. तो शंभर रुपये घेतो आणि प्रिंट देतो.

आणि सगळ्यात मोठी गोम. दादा टपरी सोडून केंद्रावर गेला तेव्हा फोन बायकोकडे होता. नोंदणीला मोबाइल नंबर लागतो. पोरानं स्वतःचा टाकला. हे सर्रास होतं. म्हणजे पुढचा प्रत्येक मेसेज त्या पोराच्या फोनवर, जिथं असे दोनशे मेसेज पडलेले असणार.

6 मे ला हायकोर्टानं फेब्रुवारीच्या नियमाला स्थगिती दिली. छान झालं. 17 मे पासून जुन्या पद्धतीनं पुन्हा अर्ज सुरू झाले, जून उजाडेपर्यंत अडीच लाखांच्या जवळ गेले. फक्त एक अट होती: एप्रिलमध्ये अर्ज केलेल्यांनीही नव्यानं करायचा, जुना धरला जाणार नाही. ही ओळ पोर्टलवर होती. पेपरात आतल्या पानावर होती. त्या पोराच्या फोनवर आली असेल तर माहीत नाही. इस्त्रीच्या टपरीत ती आली नाही.

7 जूनला लॉटरी निघाली, पण कोर्टात प्रकरण म्हणून निकाल रोखून धरला. 15 जूनला शाळा सुरू झाल्या. दादाला वाटत राहिलं की सगळ्यांचंच अडलंय, आपलंही अडलंय. पोरगी पाच आठवडे घरी. रोज टपरीत खोक्यावर बसून हँगर मोजते. आणि आपण इकडे ग्रुपवर "आपल्या फीमध्ये".

बरं, त्या फीचा हिशेब एकदाचा करूच. चाळीसच्या वर्गात दहा जागा आरटीईच्या. सरकार शाळेला त्या मुलामागे स्वतःचा प्रति विद्यार्थी खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, जे कमी असेल ते देणं लागतं. महाराष्ट्रात हा आकडा वर्षाला 17,670 रुपये. दहा मुलांचे 1,76,700. तुमच्या खिशातून नाही, सरकारच्या तिजोरीतून. तीत दादाही भर घालतो, कोळशावर, साबणावर, फोनच्या रिचार्जवर.

तिजोरीतून द्यायचे, पण देतं कोण? कोरोनाच्या दोन वर्षांत रक्कम 8,000 वर आणली, आणि आधीची बाकी वर्षानुवर्षं तुंबलेली. संस्थाचालकांच्या संघटना ती दोन हजार कोटींच्या वर सांगतात. इथं मला त्यांची बाजू मान्य करावी लागते, नाइलाजानं. ऐंशी-नव्वद हजार फी घेणाऱ्या मोठ्या शाळांचं सोडा, त्यांची रड नाटकी आहे. पण तालुक्याच्या गावात दहा-पंधरा हजार फीवर चालणारी, भाड्याच्या इमारतीतली इंग्रजी शाळा असते, तिच्या मास्तरांचे पगार या पैशांवर अडतात. तिथला संस्थाचालक आरटीईच्या पालकाला "ॲक्टिव्हिटी फी" मागतो तेव्हा तो चुकतो. याच कायद्याचं कलम 3 स्वच्छ सांगतं की शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा येईल असा कुठलाही खर्च मुलाकडून घ्यायचा नाही. पण त्याला त्या कोपऱ्यात लोटलं कुणी, तेही बघा. सरकारनं पैसे थकवले, मग पैसे थकलेत म्हणून शाळा ओरडतात, मग शाळा ओरडतात म्हणून मुलांचा हक्कच काढला. याला धोरण म्हणायचं का?

खोटे पत्ते, खोटे दाखले? हो, होतात. चारचाकीतून येऊन आरटीईचा फॉर्म भरणारे आहेत. पडताळणी त्यासाठीच असते, ती करा ना नीट.

आता आपल्याच गोटातल्यांशी दोन शब्द, कारण काल एका जुन्या कार्यकर्त्या मित्रानं लिहिलं की फेब्रुवारीचा नियम वाईट होता पण हेतू बरा, सरकारी शाळांचा पट वाढला असता. साठच्या दशकातल्या कोठारी शिक्षण आयोगापासून आपण शेजारशाळेचं बोलतोय, सगळ्यांची पोरं एकाच शाळेत. मलाही तेच हवंय. खाजगी शाळेला सरकारी पैसा देणं हा आडमार्ग आहे, आणि त्यानं जिल्हा परिषदेच्या शाळेतून जरा धडपडणारे पालक आधी निघून जातात, हे खरं. टोचतं, पण खरं.

पण हेतू बरा? याच सरकारच्या शिक्षण खात्यानं सप्टेंबर 2023 मध्ये समूह शाळांचं परिपत्रक काढलं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायच्या, मुलांना गाडीनं मोठ्या शाळेत न्यायचं. तोरणमाळ आणि पानशेतच्या समूह शाळांचं उदाहरण दिलं. राज्यात अशा शाळा पंधरा हजारांच्या जवळ, मुलं पावणेदोन लाखांच्या वर. मग 15 मार्च 2024 चा संचमान्यतेचा (कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवणारा) जीआर आला, वीसच्या आतल्या शाळेत दुसरा शिक्षक निवृत्तांमधून भागवा म्हणणारा. कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेत. एका हातानं किलोमीटरच्या आतली शाळा बंद करायची तयारी, आणि दुसऱ्या हातानं "किलोमीटरच्या आत शाळा आहे की, तिथं जा." दोन्ही फायली एकाच मंत्रालयातल्या.

आणि "व्हाउचर द्या, पालकांना शाळा निवडू द्या" म्हणणारे, म्हणजे सरकारनं फीचे पैसे शाळेऐवजी पालकाच्या हातात द्यावेत म्हणणारे, तुम्ही फेब्रुवारीत कुठं होतात? गरिबाला शाळा निवडायची जी एकमेव फट कायद्यात आहे ती बुजवली जात होती आणि तुमचा एक लेख नाही. तुमच्या निवडीला फी भरायची ऐपत चिकटलेली आहे, असं स्पष्ट म्हणा. तेवढं मान्य केलंत की भांडायला सोपं जाईल.

हायकोर्टानं काल जे म्हटलं त्यात नवीन काही नाही. नियमानं मूळ कायदा छाटता येत नाही, आणि हा नियम कायद्याच्या आणि राज्यघटनेतल्या शिक्षणहक्काच्या कलम 21-अ च्या विरोधात आहे. एवढं कळायला पाच महिने आणि मुख्य न्यायमूर्तींचं खंडपीठ लागलं. मधल्या काळात शाळांनी ज्या जागा इतरांना दिल्या त्या प्रवेशांना धक्का नाही, पण 25 टक्के भरायचेच, लागल्यास जागा वाढवून. आता काही शाळा "वर्गात बाकच नाही" म्हणतील. संस्थाचालक सुप्रीम कोर्टात जातील ते वेगळंच.

कुणाच्या घरी, टपरीत, वॉचमनच्या खोलीत मे-जूनमध्ये फॉर्म भरलेला असेल तर एवढं करा. मेसेजची वाट बघू नका. अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर स्वतः बघा, कारण नंबर कुणाच्या फोनचा आहे देव जाणे. नंबर लागला तर अलॉटमेंट लेटर आणि हमीपत्राची प्रिंट काढा, मूळ कागद आणि झेरॉक्स घेऊन आधी पडताळणी समितीकडे जा, थेट शाळेत नको. मुदत छोटी असते, गेली की जागा वेटिंगवाल्याला. शाळेनं दारातून परत पाठवलं तर तोंडी भांडू नका, गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, महापालिकेत असाल तर प्रशासन अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

ग्रुपवर तो मेसेज अजून आहे. संध्याकाळपर्यंत अंगठे चौदा झाले. तीन नवे कुणाचे ते बघितलं आणि वाईट वाटलं, चांगली माणसं आहेत. गणपतीत वर्गणी काढून त्याच दादाच्या पोरीला दप्तर देणारी.

दादाला शेवटी कुणीतरी समजावून सांगितलं. तो चिडला नाही, हेच जास्त लागलं. पोरीचं वय यंदा बसतंय, पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरायचा तर वर्षभर घरी बसवणार का, असं बायको म्हणाली. सोमवारी सकाळी टपरी उशिरा उघडणार आहे. चौकापलीकडच्या महापालिकेच्या शाळेत नाव घालायला जातायत, घरापासून सातशे मीटर, जन्माचा दाखला आणि आधार पुरेल. एप्रिलच्या फॉर्ममध्ये पहिल्या पसंतीला हीच शाळा होती. प्रिंटवर तशी छापलेलीच आहे.