बैल चौकोनी कसा काढून घ्यावा

समजा, साल १८०० आहे. तुम्ही इंग्लंडातले बडे जमीनदार आहात आणि गोठ्यातला एक बैल दिवसेंदिवस तट्ट फुगत चालला आहे. अभिनंदन! आता त्याचा चारा कमी करू नका आणि ताबडतोब चित्रकार गाठा. पोराबाळांची चित्रं मागाहून काढता येतील, त्यांच्यावर कोणी बोली लावत नाही.

चित्रकार नीट पारखून घ्या. न्यूकॅसलचा थॉमस ब्यूइक मात्र टाळा. लाकडी ठसे कोरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, पण त्याला एक वाईट खोड आहे : दिसतं तेच काढतो. डार्लिंग्टनच्या बाजूला त्याला जनावरं काढायला बोलावलं, तर मालकांना त्याची चित्रं पटेनात. दुसऱ्या कुणीतरी आधीच रंगवलेली जास्त हुबेहूब होती म्हणे. इथे-तिथे चरबीचे गोळे चढव म्हटलं, तर हा म्हणतो, मला दिसत नाहीत तिथे कसे चढवू? गेलं काम. ही हकिगत त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवली आणि ते छापून आलं १८६२ साली, तो वारल्यावर ३४ वर्षांनी. तोवर ती जनावरं पचूनही गेली होती.

जॉर्ज गॅरार्डलाही फाटकाबाहेरच ठेवा. हा गृहस्थ जनावराला मोजपट्टी लावून प्रमाणशीर पुतळे बनवतो. मोजपट्टीने कोणाचं भलं झालंय?

तुम्हाला हवा तो गावोगाव फिरणारा, दोन वेळच्या जेवणावर खूश असलेला, होकारार्थी मान हलवणारा चित्रकार. त्याला सांगा, धड पेटाऱ्यासारखं काढ. चार कोपरे स्पष्ट दिसले पाहिजेत. डोकं कवठाएवढं पुरे, पाय काडीसारखे. त्याने तोंड वाकडं केलं तर कारणही सांगून टाका : डोकं आणि हाडं खाटकाकडे कोणी मागत नाही, मागतात ते मांस. चरबी उरली तर तिच्या मेणबत्त्या होतात. म्हणजे तुमचा बैल आधी जेवणाच्या टेबलावर, मग त्याच टेबलावरच्या शमादानात! बारीक हाड आणि भरपूर मांस ही शिकवण डिशलीच्या रॉबर्ट बेकवेलची. त्याने जवळच्या नात्यातच जोड्या लावून मेंढ्यांची जात घडवली आणि एडके विकण्याऐवजी हंगामापुरते भाड्याने देऊन पैसा केला. त्याच्या मटणाला चरबी फार, अशी तक्रार होती. खाणाऱ्यांची. भाडेकरूंची नव्हती.

आता तुम्ही विचाराल, एवढी खटपट कशासाठी? अहो, चित्र भिंतीसाठी नसतंच. त्यावरून छपाईसाठी तांब्याचा ठसा कोरायचा, प्रती छापायच्या, खाली लांबी, उंची, घेर आणि वजन द्यायचं आणि सगळं एखाद्या लॉर्डसाहेबांना अर्पण करायचं. चित्रावर ज्याचा विश्वास बसणार नाही, त्याचा आकड्यांवर बसतो. उरलेल्याचा लॉर्डसाहेबांवर. मग तुमच्या वळूचा आणि त्याच्या वासरांचा भाव बघा. जातिवंत गुरं पैदा करणाऱ्या चार्ल्स कॉलिंगचा 'कॉमेट' वळू १८१० साली १,००० गिनींना गेला.

याच कॉलिंगच्या केटनच्या गोठ्यात १७९६ साली जन्मलेला 'डरहॅम ऑक्स' नावाचा बैल आदर्श म्हणून डोळ्यांसमोर ठेवा. जॉन डे नावाच्या गृहस्थाने १८०१ च्या मे महिन्यात तो गाडीसकट २५० पौंडांना घेतला. जुलैत त्याला २,००० पौंड देऊ केले, तरी त्याने विकला नाही. उलट खास बांधलेल्या गाडीत घालून त्याला जवळजवळ सहा वर्षं इंग्लंड-स्कॉटलंडभर मिरवलं. बैल आत आरामात उभा आणि गाडी ओढायला घोडे! जॉन बोल्टबीने त्याचं चित्र काढलं आणि त्याच्या छापील प्रती एका वर्षात दोन हजारांवर खपल्या. लोक आधी तिकीट काढून बैल बघत आणि मग घरी जाऊन चित्र बघत. दोहोंत फरक दिसलाच, तर बैल प्रवासाने सुकला म्हणायचं.

चित्रात स्वतः उभं राहण्याचा मोह होईल. राहा, पण कडेला आणि लहान. तुमच्यापेक्षा बैल मोठा दिसला तरच पैसे वसूल. हवं तर हातात सलगम धरा. आणि बैलाचं मत विचारू नका. त्याला एवढंच कळतं की रोज कोणीतरी पाठ थोपटतं आणि हात किती खोल रुततो ते बघतं.

एक खबरदारी मात्र घ्या. चित्रातले काडीसारखे पाय चित्रातच ठीक. १८०७ साली ऑक्सफर्डमध्ये डरहॅम ऑक्सचा मागचा खुबा निखळला. आठवड्यांमागून आठवडे गेले तरी तो सुधारेना, तेव्हा एप्रिलात त्याला कापावं लागलं. जॉन डेने लगेच मांस वेगळं, चरबी वेगळी, कातडं वेगळं तोलून घेतलं आणि आकडे जाहीर केले.