छत्रीला काय माहीत नसतं

परवा लेकीच्या वहीत ‘फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त’ वाचलं आणि मला माझीच सातवीची वही आठवली. सुरुवात तीच. कोपऱ्यातून हुंदका ऐकू येतो, ‘अरे, इकडे तिकडे काय बघतोस? मी बोलतेय!’ मग कारखान्यात जन्म, दुकानात मिरवणं, मालकाचा कृतघ्नपणा आणि शेवटी आपल्यालाच उपदेश. पेन असो, खुर्ची असो, एस.टी. असो, आपल्या शाळेतल्या वस्तू रडून रडून एकच गोष्ट सांगतात.

योगायोग असा की त्याच आठवड्यात मी ॲली मिलिंग्टन यांची ‘ऑलिव्हेटी’ संपवली होती. २०२४ ची मुलांची इंग्रजी कादंबरी. काही प्रकरणं अर्नेस्ट नावाचा बारा वर्षांचा घुमा मुलगा सांगतो, काही घरातला टाइपरायटर. आई, म्हणजे बिॲट्रिस, एक दिवस टाइपरायटर उचलून दुकानात देऊन येते आणि नाहीशी होते. कुणालाच पत्ता नाही. पण तिने वर्षानुवर्षं जे टाइप केलं, ते सगळं त्या यंत्राच्या पोटात आहे. आणि टाइपरायटरांनी माणसांशी बोलायचं नाही, असा त्यांचा नियम!

मला आवडलं ते हेच. ह्या वस्तूला सगळं माहीत नाही. तिच्या कळांवर जे पडलं तेवढंच माहीत, पण ते दुसऱ्या कुणालाच माहीत नाही. आणि बोलायचं तर काहीतरी मोडावं लागतं. आमच्या छत्रीला कुठे काय मोडावं लागतं? ती आधीच मोडलेली असते. (टाइपरायटर जरा आढ्यताखोर आहे, मधेमधे शब्दांच्या कोट्या करतो. बारा वर्षांच्या वाचकाला चालेल, मला दोन-तीन ठिकाणी जडच गेलं.)

खरं सांगायचं तर मी पुस्तक उचललं ते टाइपरायटरसाठी. नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आईचा गोदरेज होता, मराठीचा. गोदरेजने १९५५ पासून भारतात टाइपरायटर बनवले, पण माझ्यासाठी तो जगातला एकच होता. आई ऑफिसातून आल्यावर घरी जॉबवर्क करायची. कोर्टाची कागदपत्रं, सोसायट्यांच्या नोटिसा. इंग्रजीसारखं सरळ नसायचं ते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. काही अक्षरं एका कळीत यायची नाहीत, अर्धं अक्षर मारून पुढे काना. आणि ‘गिरीश’ टाइप करताना सुरुवात वेलांटीने! तिची बोटं हे विचार न करता करायची. आम्ही ओळीच्या शेवटच्या घंटीवर झोपायला शिकलो.

कादंबरीतला टाइपरायटर सगळं लक्षात ठेवतो. खऱ्याचं तसं नसतं. कापडी रिबन मागेपुढे फिरत राहते, अक्षरांवर अक्षरं बसतात, काही वाचता येत नाही. लक्षात ठेवतो तो कार्बन, म्हणजे प्रत काढायला दोन कागदांमध्ये घालायचा तो काळा कागद. एकदाच वापरलेला कार्बन मी ट्यूबलाइटसमोर धरायचो, तर उजेडाच्या अक्षरांत कुणाचं तरी भाडं थकलेलं असायचं. आई ओरडायची, ‘लोकांचं वाचू नये रे.’

तो गोदरेज पुढे भंगारवाल्याकडे किलोवर गेला. तेव्हा वाईट वाटलं नाही.

लेकीच्या निबंधाला बाईंनी दहापैकी नऊ दिले. मी तिला म्हटलं, छत्रीला काय माहीत नसतं ते लिहून बघ. छत्री घरात कधी उघडत नाहीत, तिला घर आतून कसं दिसतं ते काय ठाऊक? ती म्हणाली, ‘बाबा, मुद्दे दिलेले असतात.’

हे बोलणं चाललं असताना आई शेंगा मोडत होती. मी सहज विचारलं, ‘आई, तुझा टाइपरायटर बोलला असता तर काय सांगितलं असतं गं त्याने?’

‘माझं काय सांगणार? सगळी लोकांची ॲफिडेव्हिटं. स्वतःचं मी कधी एक ओळ मारली नाही.’

चार शेंगा झाल्या.

‘एकदा मारली होती. नोकरीचा अर्ज. नाशिकला. तुम्ही दोघं झोपल्यावर.’

‘मग?’

‘मग काय? कार्बन नव्हता लावला.’