भिंतीपलीकडचा एक किलोमीटर

दोन घरं पाठीला पाठ लावून उभी. मधे फक्त कंपाउंडची भिंत. चेंडू पलीकडे गेला तर मुलगा भिंतीवर चढून आणतो. तोच मुलगा मित्राकडे अभ्यासाला निघाला की आधी गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं, मोठ्या रस्त्याला लागायचं, पलीकडच्या कॉलनीचं गेट गाठायचं आणि परत आत यायचं. वीस पावलांचा एक किलोमीटर होतो. मग घरातलं कुणीतरी त्याला गाडीवर सोडतं.

शहर पसरतंय म्हणून आपण ओरडतो, पण पसरण्याइतकंच वाईट आहे ते रस्ते एकमेकांना न जोडता तुटक पसरणं. चौकात चार वाटा मिळतात, तिठ्यावर तीन, बंद गल्लीला एकच. नव्या वस्तीत यातलं काय जास्त दिसतं ते मोजा. कारण इमारत पाडता येते, रस्ता सहसा हलत नाही. 1666 च्या आगीत लंडन जळलं, वास्तुकार क्रिस्टोफर रेननं सरळ, रुंद रस्त्यांचा आराखडा दिला, तरी शहर बरंचसं जुन्याच रस्त्यांवर पुन्हा उभं राहिलं. जमिनीच्या हद्दी आड आल्या. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर 1811 मध्ये बहुतेक बेट रिकामं असतानाच रस्त्यांचं जाळं आखून ठेवलं. पुढे त्यावर काय काय उभं राहिलं आणि पडलं, जाळं मात्र तेच.

बंद गल्लीमागचा हेतू वाईट नव्हता. न्यू जर्सीतल्या रॅडबर्नमध्ये 1929 साली मोटारींपासून मुलं लांब राहावीत म्हणून बंद गल्ल्या केल्या, पण घरांमागून पायवाटा आणि बागाही दिल्या. नक्कल करणाऱ्यांनी बंद गल्ली उचलली, पायवाट सोडली!

अमेरिकेत हा तुटकपणा 1994 च्या सुमारास शिगेला पोचून उतरू लागला, असं बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांचा अभ्यास सांगतो. जगाचा हिशेब मात्र उलटा: त्यांच्याच 2020 च्या अभ्यासात 1975 पासून नवे रस्ते एकूणात कमी कमी जोडलेले निघाले.

आणि यात एकटा बिल्डर दोषी नाही. तो आपल्या तुकड्यापुरतं आखतो. शेजारच्या तुकड्याशी जोडून घेणं नियमानं भाग पाडलं नाही तर कोण करणार? कधी कधी लेआउटमध्ये रस्ता हद्दीपर्यंत नेऊन सोडलेला असतो, पुढे जोडता यावा म्हणून. दहा वर्षांत तिथे कुंड्या येतात, गाड्या लागतात, मुलं खेळतात. जोडायची वेळ आली की पहिली हरकत तिथल्याच रहिवाशांची. खरं सांगू? माझं घर त्या टोकाला असतं तर मीही सही केली असती.